उशाशी ठेवलेला कोयता

संस्थानचे न्यायाधीश रावसाहेब म्हणजे आपलंच खरं करणारा माणूस. त्यांच्यापुढे टोपल्या विणणारी सारजा बुरडीण हात जोडून उभी होती. तिच्या धाकट्या लेकानं, गेनूनं, झोपलेल्या थोरल्याला कोयत्यानं मारलं होतं.

“गेनू भ्रमिष्ट आहे, सरकार. त्याला फाशी देऊ नका.”

“भ्रमिष्ट?” रावसाहेब हसले. “मग कोयत्यावरचं रक्त धुतलं कशाला? आपण केलं ते वाईट, हे त्याला कळत होतं. कायद्यानं तो शहाणाच!”

“धुतलेला कोयता सापडला कुठं, तेवढं फौजदारांना विचारा.”

फौजदार चाचरले. “मयताच्या उशाशी.”

“थोरला पहाटे उठून बांबू फोडायचा. गेनू रोज त्याचा कोयता धुऊन उशाशी ठेवायचा. सरकार, भाऊ मेला हे ज्याला कळलं, तो सकाळच्या कामासाठी त्याचा कोयता ठेवील का?”

रावसाहेबांची मान खाली गेली. फाशी टळली, गेनूला जन्मभर वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचा हुकूम झाला.

“जिंकलीस, म्हातारे,” कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात बेड्या घातलेल्या गेनूनं विचारलं, “आई, दादा उठला का गं?”

“नाही रे बाळा,” सारजा म्हणाली. “झोपू दे त्याला.”