चांगुणेने नवऱ्याला मारलेली हाक

फार वर्षांपूर्वी, रेडिओ लागला की माणसं चपला बाहेर काढून ऐकायला बसायची, त्या काळातली ही गोष्ट. खाडीच्या तोंडाशी खारवेळ नावाचा कोळीवाडा. तिथे चांगुणा राहायची. वाड्यातली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी, आणि आवाज असा, की तिने धक्क्यावरून हाक मारली तर पलीकडच्या तीरावरची कुत्री उठून बसायची, असं म्हणतात.

जिल्ह्याच्या गावी रेडिओ केंद्र निघालं, तेव्हा चांगुणेला तिथे घेतलं. कोळीवाड्यातून रेडिओवर गेलेली ती पहिलीच! सासूने आनंदाने घरोघर सुके बोंबील वाटले. केंद्राच्या साहेबांनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, "कागदावर असेल तेवढंच वाचायचं. पदरचा शब्द घालायचा नाही." मग रोज दुपारी ती हवामान वाचायची. कमी दाबाचा पट्टा, अंशतः ढगाळ, तुरळक ठिकाणी. कोळी कौतुकाने माना डोलवायचे आणि खुशाल दर्यात जायचे. शहाण्याला शब्दांचा मार खरा, पण शब्द कळला तर ना!

त्याच वर्षी पाऊस सरता सरता सगळ्या होड्या बाहेर पडल्या. चांगुणेचा नवरा हासूरामही आपली होडी घेऊन गेला. त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. भरदुपारी केंद्रात तिच्या हाती कागद आला. मोठं वादळ किनाऱ्याकडे येत होतं, आणि ते सांगायला तेच जुने जड शब्द होते. होड्यांवरचे ट्रान्झिस्टर हे ऐकवतील, माणसं माना डोलवतील आणि जाळी टाकत राहतील, हे तिला ठाऊक होतं.

तिने कागद उलटा ठेवला आणि घरच्या बोलीत, जाळी तोडून माघारी फिरायला सांगितलं, "आयकताव का रं? दर्या खवललाय. जाली तोरा, होऱ्या फिरवा न घरा या!" मग तिने होडी हाकणाऱ्या एकेका तांडेलाला नावाने हाक मारली. सगळ्यांची नावं झाली. राहिला एकटा हासूराम.

तिथे तिची जीभ अडखळली. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलंच तर उखाण्यात, लाजतमुरकत. उघड नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हाताऱ्या सांगायच्या. आणि इथे तर नाव न घेतल्याने तो जाणार होता. चांगुणेने डोळे मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "हासूराम! घरा या!"

गावात मच्छीमार सोसायटीच्या रेडिओसमोर बसलेल्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. पण चांगुणेची सासू ताडकन उठली. "काय बसल्याव? चला धक्क्याव!" तिचा म्हातारा जोमाही दर्यातच होता. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिने त्याला नावाने हाक मारली. मग काय, सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या नावाचा गजर मांडला. पावसाच्या धारांत किनारा दिसत नव्हता, पण होड्या त्या हाकांच्या रोखाने आत आल्या.

सगळ्यांत शेवटी हासूराम आला. त्याचा ट्रान्झिस्टर सकाळीच पाण्यात पडला होता. तरी धक्क्यावर पाय ठेवताच तो म्हणाला, "माज्या नावानं कोन बोंबलत व्हतं?" चांगुणेचा आवाज यंत्राविनाच वाऱ्यावरून गेला होता, असं म्हणतात.

साहेबांनी तिला जाब विचारायला बोलावलं, तर केंद्राच्या दारात अख्खा कोळीवाडा उभा. साहेब माणूस भला. त्यांनी हवामानाची दहा मिनिटं तिच्या बोलीला देऊन टाकली. पुढे टीव्ही आला, आणि पडद्यावर अबोलीचा गजरा माळून हवामान सांगायला चांगुणाच उभी राहिली. तिने बोट उगारलं की वादळ वाट बदलायचं, असंही म्हणतात. कोण पाहायला गेलं होतं! पण तिच्या हयातीत खारवेळची एकही होडी दर्याने ठेवून घेतली नाही, एवढं मात्र सगळे सांगतात.

चांगुणा जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. खारवेळात आजही कुणी उखाणा घेत नाही. नवी नवरी आली की चांगुणेच्या नावाने नारळ फोडतात, नवऱ्याला होडीत बसवून पार खाडीच्या तोंडापाशी पाठवतात आणि नवरीला धक्क्यावर उभी करतात. आपलं नाव ऐकू येईपर्यंत त्याने होडी वळवायची नाही. पोरगी आधी लाजते, मग चिडते, आणि मग अशी हाक मारते, की पलीकडच्या तीरावरची माणसं म्हणतात, खारवेळात आज सून आली.