सोनेरी करंडा

देवघरातल्या वस्तू आपसात बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. कृष्णाकाकूंच्या फळीवर पितळी भांड्यांच्या रांगेत कुंकवाचा एकच लाकडी करंडा होता. त्याचा रंग उडालेला पाहून काकूंनी त्याला सोनेरी मेण चोळलं आणि फडक्याने असं चमकवलं की तो हुबेहूब पितळेचा दिसू लागला. त्या दिवसापासून करंडा शेजारच्या जुन्या लाकडी पाटाला ओळख देईना.

दिवाळी आली. नव्या सूनबाईंनी फळीवरची सगळी चकचकीत भांडी चिंचेच्या पाण्यात भिजत घातली, त्यात करंडाही गेला. बाकीची भांडी तळाला बसली, हा तेवढा वर आला.

"असाच तरंगत राहा," ताम्हण म्हणालं, "म्हणजे सूनबाईंना कळेल, तू लाकडाचा आहेस."

करंड्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नको रे, तू माझ्यावर बस," तो कुजबुजला, "मला खाली दाबून धर."

ताम्हण नाइलाजाने त्याच्यावर बसलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओतलं, तेव्हा करंडा फुगून उभा चिरला होता. "अगंबाई, हा तर लाकडाचा!" सूनबाई हळहळल्या. भांडी उजळून फळीवर गेली. करंडा काकूंनी बंबात घातला.

विस्तवात त्याचं सोनं आधी वितळलं. मग तो जळू लागला, अगदी लाकडासारखा.