करकोच्याचं पिल्लू आणि शाळेचा आरसा

तळ्याकाठच्या एका जंगलात एक शाळा भरत असे. आता जंगलात शाळा कशाला, असं विचारून मला मध्येच अडवू नका. जिथं मुलं, तिथं शाळा. आणि जिथं शाळा, तिथं मुख्याध्यापक. या शाळेचे मुख्याध्यापक होते एक गवा. अंगानं धिप्पाड, मनानं चांगले, पण मोठ्या वस्तूंचा त्यांना भारी सोस. शाळेचं सामान सांभाळायला साळिंदरबाई होत्या, समारंभ करायला एक मोर होता आणि शिकवायला एक टिटवी होती. शिकवायला ती एकटीच, हे तेवढं लक्षात घ्या.

त्या तळ्यावर हिवाळ्यात करकोच्यांचा थवा उतरे आणि ऊन तापू लागलं की उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांपलीकडे निघून जाई. एके वर्षी नेमका निघायच्या वेळेला एका पिल्लाचा पंख मोडला. हाड जुळलं, पण वाकडं. त्या पंखानं तळ्याच्या या काठावरून त्या काठावर जाता येई, डोंगर ओलांडता येत नसे. थव्याला थांबणं शक्य नव्हतं. करकोचीण निघताना पिल्लाजवळ आली आणि बराच वेळ नुसती त्याची पिसं नीट करत राहिली.

"बाळ, नीट ऐक," ती म्हणाली. "या तळ्याचं पाणी आटत चाललंय. पुढच्या हिवाळ्यात थवा दुसरीकडे उतरणार आहे. पण परतीच्या वाटेवर आम्ही बर्फाच्या डोंगराखालच्या सरोवरावर विसावा घेतो. तिथल्या शाळेत एक आरसा आहे. त्यात लांबच्या शाळेतल्या आरशापुढचं सगळं दिसतं, तिथला आवाजही येतो. तुमच्या शाळेतही तसाच येणार आहे म्हणे. त्यात मला दिसलंस, की मी थवा सोडून सरळ तुझ्याकडे येईन."

"आणि दिसलो नाही तर?" पिल्लानं विचारलं.

मागं राहिलेली पिल्लं सहसा जगत नाहीत, हे करकोचिणीला ठाऊक होतं. असलं कोणती आई बोलून दाखवेल? तिनं गव्याकडे पाहिलं. "गुरुजी, आरसा येणार ना?"

"येणार म्हणजे काय! शेजारच्या जंगलातल्यापेक्षा मोठा आणतोय," गवा म्हणाला. तेवढ्या भरवशावर ती माउली उडाली. पिल्लू मान वर करून बघत राहिलं. थवा दिसेनासा झाला, तरी त्याची मान खाली येईना. शेवटी टिटवीनं त्याला पंखाखाली घेतलं आणि म्हणाली, "चल, वर्गात बस. आई येईपर्यंत तू माझं."

पुढं आरसा आला. शहरातून एका माकडानं तो आणला. माकड आपल्या धंद्यात पक्कं होतं, त्यानं आधीच विचारलं, "तुम्हाला हा कशासाठी हवाय? वापरणार कोण?"

"ते बघू मागाहून," गवा म्हणाला. "याहून मोठा आहे का?"

होता. तोच घेतला. माकड म्हणालं, "हा उन्हावर जगतो बरं का. रोज ऊन दाखवा. आणि दोघा-तिघांनी माझ्याजवळ बसा, कसा वापरायचा ते शिकवून जातो." पण ऐकायला वेळ कोणाला होता? मोर आरशासमोर उभा राहून आपली कोणती बाजू अधिक चांगली दिसते ते पाहत होता. साळिंदरबाई "हात लावू नका, डाग पडतील!" म्हणून पोरांना पिटाळत होत्या. टिटवीला कोणी बोलावलंच नव्हतं. ती वर्गावर होती. माकडानं थोडा वेळ वाट पाहिली आणि ते कपाळाला हात लावून चालतं झालं.

मग प्रश्न आला, आरसा ठेवायचा कुठं? गवा म्हणाला, "एवढी मोलाची वस्तू उघड्यावर? छे! माझ्या गुहेत राहील." आता तुम्हीच सांगा, उन्हावर जगणारी वस्तू नेऊन ठेवली गुहेत! पण थाट काय वर्णावा! मोरानं आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं. आरशाला हळदीकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. मोरानं एवढं लांबलचक भाषण ठोकलं की सशाची पोरं बसल्याजागी झोपली. कार्यक्रम आटोपल्यावर साळिंदरबाईंनी पळसाच्या पानांचं जाडजूड आच्छादन शिवलं, आरशाला घातलं आणि गुहेच्या तोंडाशी काटेरी फांदी आडवी लावली. "नवा आहे," त्या म्हणाल्या, "खराब होईल. पाहुणे आले की उघडू."

आणि खरंच, पाहुणे आले की तो उघडत. तपासणीला हत्ती आला तेव्हा आच्छादन निघालं. आरसा कसा लखलखत होता! हत्तीनं सोंड हलवून "वा!" म्हटलं, दोन ऊस खाल्ले आणि तो गेला. आच्छादन पुन्हा चढलं. आरशात काही दिसतं का, हे हत्तीनं विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

पिल्लू मात्र रोज शाळा सुटली की त्या काटेरी फांदीशी जाऊन उभं राही. "बाई, आज बघू?" ते विचारी. साळिंदरबाई वाईट नव्हत्या हो. त्यांना वाटे, पोरांच्या हाती दिलं की वस्तू गेलीच. त्या म्हणत, "अरे, तुझी आई यायला अजून वेळ आहे. आली की उघडू. आत्तापासून कशाला झिजवायचा?" पिल्लाला ते पटे. वर्गात लक्ष लागत नसे, रात्री उत्तरेकडे चोच करून झोपे, पण आरसा आहे, मोठा आहे आणि जपून ठेवला आहे, एवढ्यावर त्यानं उन्हाळा काढला, पावसाळा काढला.

थंडीची चाहूल लागली तसे धोबी पक्षी उत्तरेकडून यायला लागले. त्यांतला एक शेपटी हलवत वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाला, "अरे, करकोचे सरोवरावर उतरलेत. आम्ही वाटेत पाहिले." पिल्लू जे उठलं ते गुहेकडे धावलं. मागून टिटवी, तिच्यामागून अख्खा वर्ग. गव्यानं स्वतः शिंगानं काटेरी फांदी बाजूला केली. साळिंदरबाईंनी आच्छादन काढलं. पिल्लू आरशासमोर उभं राहिलं आणि हाका मारू लागलं.

आरसा काळाठिक्कर. आत ना उजेड, ना आवाज. ज्यानं महिनोन्महिने ऊन पाहिलं नाही, तो बोलणार कसा?

मग जी धांदल उडाली म्हणता! आरसा ढकलत बाहेर उन्हात आणला. कोणी म्हणे पूर्वेला वळवा, कोणी म्हणे पश्चिमेला. कसा वापरायचा ते एकालाही येत नव्हतं. दोन-तीन दिवसांनी आरशात एकदाचा उजेड आला, आणि इकडून तिकडून फिरवता फिरवता त्यात ते सरोवर दिसलं. निळंशार पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि काठावर पडलेली काही राखाडी पिसं. करकोचा एकही नव्हता.

पिल्लानं त्या पिसांकडे पाहिलं. "यातलं एक तिचं असेल," ते म्हणालं. बस, एवढंच. रडलंही नाही. तो सगळा हिवाळा ते तळ्याच्या काठावर उभं राहिलं. आकाशात कुठं काही हललं की त्याची मान वर जाई. बगळे असत. घारी असत. आई आली नाही. कुणाचं असं वाट पाहणं नुसतं बघणंसुद्धा फार कठीण असतं, मुलांनो.

ते बघून टिटवीचा जीव तीळ तीळ तुटे. एक दिवस भर सभेत ती उभी राहिली. एवढीशी टिटवी, पण आवाज असा की गव्यानं रवंथ थांबवली.

"मला एकच सांगा," ती म्हणाली, "आपण हा आरसा आणला कशाला?"

मोर म्हणाला, "शाळेची शोभा वाढावी म्हणून." साळिंदरबाई म्हणाल्या, "शेजारच्या शाळेत होता म्हणून." गव्यानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"मग आत्ता ठरवू," टिटवी म्हणाली. "उशीर झालाय, पण ठरवू. पोरांना यातून काय हवंय ते आधी पोरांनाच विचारू. मग ऊन कुठं पडतं ते बघू. वापरायचा कसा ते कोणकोण शिकणार? पुसणार कोण, आणि ढगाळ दिवस आले तर काय करायचं? आणि तो केव्हा लागणार आहे, हे आपल्याला आधीपासून माहीत आहे की नाही? मग त्या दिवसाची तयारी त्याच दिवशी कशी होईल, गुरुजी?"

गवा खाली मान घालून म्हणाला, "चुकलं माझं. मी मोठा आरसा मागितला आणि पोराची आई विसरलो."

मोरानं चाचरत विचारलं, "म्हणजे आता उद्घाटन नाही का पुन्हा?" पण सगळ्यांनी असं काही पाहिलं त्याच्याकडे की त्यानं पिसारा मिटला.

त्या वर्षी मात्र कामं वेगळी झाली. गवा स्वतः माकडाला शहरातून परत घेऊन आला. टिटवी शिकली, थोरली पोरं शिकली. साळिंदरबाई कुरकुरत शेवटी बसल्या, आणि गंमत म्हणजे त्याच सगळ्यांत लवकर शिकल्या. सावली पडणार नाही असा खडक पोरांनी दिवसभर पाहून पाहून निवडला आणि आरसा तिथं बसवला. रोज सकाळी तो पुसायची पाळी ठरली. पावसाळ्यात आरसा जपून वापरायचा, साठलेलं ऊन उधळायचं नाही, असंही ठरलं. हळूहळू सरोवराकाठच्या शाळेशी ओळख झाली. तिकडची याकची वासरं बर्फाबद्दल सांगत, इकडची सशाची पोरं आंबा म्हणजे काय ते सांगत. आरशावर डाग पडले, एका कोपऱ्याला ओरखडाही आला. साळिंदरबाई तो रोज बघत आणि काही बोलत नसत.

पिल्लाला या सगळ्यात रस होता असं मी म्हणणार नाही. ते आरशासमोर बसे ते फक्त सरोवरासाठी. टिटवीनं याकच्या वासरांना आधीच सांगून ठेवलं होतं, "करकोचे उतरले की आमच्या पिल्लाच्या आईला आरशापुढं आणा. काही झालं तरी आणा."

आणि पुन्हा थंडीची चाहूल लागली. एका सकाळी आरशात सरोवर दिसलं ते करकोच्यांनी भरलेलं. वर्ग श्वास रोखून बसला. एक याकचं वासरू आरशाजवळ आलं आणि ओशाळून म्हणालं, "बाई, आम्ही तिला शोधलं. पण ती यायला तयार नाही. म्हणते, गेल्या वर्षी बघितला आरसा, पुरे झालं."

याची तयारी टिटवीनं केली नव्हती, कोण करणार? पिल्लू मात्र उठलं. आरशाला जवळजवळ चोच टेकवून, मान ताणून, होता नव्हता तेवढा जोर लावून त्यानं करकोच्यांची हाक घातली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. सरोवरावरच्या साऱ्या माना वर झाल्या. आणि त्या थव्यातून एक करकोचीण अशी धावत आली की पंख आहेत हेच विसरली.

ती आरशाच्या इतकी जवळ आली की वर्गाला तिचा एक डोळाच तेवढा दिसत होता. आरशात कसं बघायचं हे त्या बिचारीला कुठं माहीत!

"बाळ?" ती म्हणाली.

"आई, मी."

"गेल्या वर्षी मी इथं बसून होते रे. थवा निघाला तरी उठवत नव्हतं. तुझ्याकडे नुसता अंधार होता. मला वाटलं, माझं पिल्लू राहिलं नाही." तिचा आवाज फाटला. "म्हणून आले नाही मी. कुणासाठी येऊ?"

गवा मागं उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले. साळिंदरबाईंचे काटे अंगाला चिकटले.

"मी आहे, आई," पिल्लू म्हणालं. "मी इथंच होतो. रोज आरशाच्या दाराशी येत होतो, पण..." आता कुठं त्याला रडू फुटलं. रडत रडत ते बोलत राहिलं, सगळा उन्हाळा, सगळा हिवाळा सांगत राहिलं. मध्येच त्यानं डोळे पुसून वर पाहिलं, तर आरशात कोणी नव्हतं. नुसतं पाणी आणि पाण्यामागचं आकाश.

"गेला! पुन्हा बंद पडला!" मोर ओरडला. साळिंदरबाई धावल्या, त्यांनी आरसा चाचपून पाहिला आणि मागं वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बंद नाही पडला," त्या म्हणाल्या. "ती निघाली."

तात्पर्य : शाळेत नवं साधन आणायचं तर ते कोणासाठी, कशासाठी आणि केव्हा लागणार हे आधी ठरवावं, आणि ते चालवायला शिकावं; नाहीतर नुसतं मिरवायला आणून जपून ठेवलेल्या साधनापुढं कुणीतरी वाट पाहत राहतं, आणि त्याची वेळ निघून जाते.