ठिपकीचा घास आणि बाबांचा अंगठा

एक होती मुंगी. तिचं नाव ठिपकी. एवढीशी! भिंतीवर बसली, तर लोकांना वाटायचं, पेनाचा डाग पडलाय.

ठिपकी स्वयंपाकघराच्या खिडकीत राहायची. एका फटीत. त्या घरातली आई रोज जेवायच्या आधी ओट्याच्या कडेला एक घास ठेवायची. म्हणायची, "आधी मुंगीचा, मग आपला."

पण आज आई पोहायला गेली होती. आज स्वयंपाक बाबा करणार होते.

बाबा म्हणाले, "त्यात काय मोठं? तिखट तिखट नूडल्स करतो. झटपट!"

बाबा फार हुशार. निदान बाबांना तरी तसं वाटायचं.

बाबांनी पुडा फोडला. फर्रर्र! नूडलचा एक तुकडा पडला. टक्! ठिपकीने तो उचलला. डोक्यावर घेतला. घरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाबांनी बघितलं. "शी! कचरा!" बाबांनी फडकं मारलं. फट्! तुकडा गेला केराच्या डब्यात.

गेला ठिपकीचा घास! ठिपकीला रडूच आलं. सकाळपासून ती उपाशी. पोटात कावळे ओरडत होते. मुंगीच्या पोटातले कावळे ते, इवले इवले. पण ओरडत होते मोठ्याने.

ठिपकी म्हणाली, "बाबा, बाबा, माझा घास द्या!"

बाबा म्हणाले, "देतो की! नूडल्स शिजल्या की पहिला घास तुझा. झटपट!"

मग बाबांनी कोबी चिरला. गाजर चिरलं. पातेल्यात पाणी ओतलं. पातेलं गॅसवर ठेवलं. एवढं काम केलं! बाबा दमले बिचारे. खुर्चीत जाऊन बसले.

ठिपकी थांबली. थांबली. थांबली. नूडल्स शिजेनात. मग ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली नूडल्सकडे.

"नूडल्स, नूडल्स, शिजा ना!
नूडल्स शिजेनात,
मला माझा घास मिळेना!"

नूडल्स म्हणाल्या, "आम्ही शिजू. पण पाणी उकळलं तर! कोरड्या कोरड्या शिजायला आम्ही काय जादूगार आहोत?"

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली पाण्याकडे.

"पाण्या, पाण्या, उकळ ना!
पाणी उकळेना,
नूडल्स शिजेनात,
मला माझा घास मिळेना!"

पाणी म्हणालं, "मी उकळेन. पण गॅस पेटला तर! सध्या मी गारेगार आहे. हवं तर पोहून घे."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली गॅसकडे.

"गॅस, गॅस, पेट ना!
गॅस पेटेना,
पाणी उकळेना,
नूडल्स शिजेनात,
मला माझा घास मिळेना!"

गॅस म्हणाला, "मी पेटेन. पण लायटर वाजला तर! का तू फुंकर मारून पेटवतेस? मार, मार. मी बघतो."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली लायटरकडे.

"लायटर, लायटर, वाज ना!
लायटर वाजेना,
गॅस पेटेना,
पाणी उकळेना,
नूडल्स शिजेनात,
मला माझा घास मिळेना!"

लायटर म्हणाला, "मी वाजेन. पण बाबा उठले तर! मला हात नाहीत. बाबांना आहेत. चांगले दोन आहेत."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बाबांकडे.

"बाबा, बाबा, उठा ना!
बाबा उठेनात,
लायटर वाजेना,
गॅस पेटेना,
पाणी उकळेना,
नूडल्स शिजेनात,
मला माझा घास मिळेना!"

बाबा म्हणाले, "उठतो गं! पण मोबाइल थांबला तर! 'झटपट नूडल्स कशा कराव्या' तेच बघतोय. अभ्यास चाललाय माझा."

ठिपकीने बघितलं. मोबाइलमध्ये एक कोंबडी नाचत होती. वा! केवढा अभ्यास!

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली मोबाइलकडे.

"मोबाइल, मोबाइल, थांब ना!
मोबाइल थांबेना,
बाबा उठेनात,
लायटर वाजेना,
गॅस पेटेना,
पाणी उकळेना,
नूडल्स शिजेनात,
मला माझा घास मिळेना!"

मोबाइल म्हणाला, "मी थांबेन. पण अंगठा थांबला तर! कोंबडी झाली की तो बकरी लावतो. बकरी झाली की म्हैस."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली अंगठ्याकडे.

बाबांचा अंगठा वर-खाली, वर-खाली. सुर्रर्र, सुर्रर्र! अख्खे बाबा बसलेले, पण अंगठा कामात. असा कामसू अंगठा साऱ्या गल्लीत नव्हता.

"अंगठ्या, अंगठ्या, थांब ना!
अंगठा थांबेना,
मोबाइल थांबेना,
बाबा उठेनात,
लायटर वाजेना,
गॅस पेटेना,
पाणी उकळेना,
नूडल्स शिजेनात,
मला माझा घास मिळेना!"

अंगठा म्हणाला, "मी? मी नाही थांबत. एवढीशी मुंगी! तू काय करणार गं?"

ठिपकीला आला राग. एवढ्याशा मुंगीला एवढा मोठा राग! ती अंगठ्यावर चढली. तोंड उघडलं. आणि...

कट्!

अंगठा थांबला.
मोबाइल पडला. धप्प!
बाबा उठले. "आई गंऽऽ!"
लायटर वाजला. टिक् टिक्!
गॅस पेटला. भक्!
पाणी उकळलं. बुडबुड, बुडबुड!
नूडल्स शिजल्या. लुसलुशीत!

मग कढईत तेल. तेलात लसूण. तडतड! लसणावर मिरची. ठसका! मिरचीवर कोबी, कोबीवर गाजर. चर्रर्र! त्यावर नूडल्स. उलथनं खणखण, खणखण!

बाबा म्हणाले, "यात थोडं आपलं काहीतरी हवं." आणि त्यांनी घातला कांदा-लसूण मसाला. एक चमचा. मग अजून एक. मग चमचा ठेवला आणि डबाच उपडा केला.

आक्छीऽऽ!

तेवढ्यात आई आली. बाबा म्हणाले, "बघ! झाल्या की नाही झटपट?"

आईने घड्याळाकडे बघितलं. घड्याळालाच लाज वाटली.

बाबा जेवायला बसले. पहिला घास उचलला. नेला तोंडाकडे. स्वतःच्या! पहिला घास कुणाचा होता? बाबा विसरले. झटपट विसरले.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली टेबलावर. उभी राहिली अंगठ्यापाशी. नुसतं तोंड उघडलं. आऽऽ!

अंगठा मागे सरकला. बाबांचा हात थांबला.

"देतो, देतो! पहिला तुझाच!" बाबांनी पटकन एक नूडल काढली. ओट्याच्या कडेला नेऊन ठेवली. झटपट! त्या दिवशी घरात तेवढंच काय ते झटपट झालं.

ठिपकीने घास खाल्ला. आणि...

"हाऽ हूऽ हाऽ हूऽ!"

मग बाबांनी घास खाल्ला.

"हाऽ हूऽ हाऽ हूऽ!" बाबांच्या डोळ्यांतून पाणी. नाकातून पाणी. "साखर! अगं, मला साखर दे!"

आईने साखरेचा डबा उघडला. बाबांनी हात पुढे केला.

आई म्हणाली, "थांबा. आधी मुंगीचा, मग आपला."

आणि तिने एक पांढरा शुभ्र दाणा ठिपकीपुढे ठेवला. ठिपकी खात बसली. कुटुकुटु, कुटुकुटु. सावकाश.

ही तिखट नूडलची कहाणी, साखरेच्या दाण्यावर सुफळ संपूर्ण.