पार्बतामायचा खांब

खैरझोऱ्याच्या टेकडीखालून मँगनीजचा काळा दगड नुकताच निघू लागला होता, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा बायाही टोपली घेऊन खाणीत उतरायच्या. त्यांच्यात एक होती पार्बता. तिचे पाय एका जागी ठरत नसत, जेवतानाही ती उभीच असे, असं म्हणतात.

त्याला कारण होतं. खाणीचं छत लाकडी खांबांवर पेललेलं असायचं. छत दबू लागलं की खांब आधी करकरायचा. एके दिवशी पार्बतानं तो आवाज ऐकला. तिला वाटलं, ओलं लाकूड वाळतंय. ती टोपली घेऊन वर आली आणि मागे छत बसलं. नवरा आतच राहिला. तेव्हापासून ती प्रत्येक खांबाला कान लावत फिरायची.

पुढे लोखंडी खांब आले. पार्बता कासावीस झाली.

"मुकादम, लोखंड मुकं हाय. मोडेपर्यंत काही सांगत नाही. एक तरी लाकूड राहू द्या."

दौलत मुकादम हसला. "काहून वं पार्बता, गप्पा मारायला पाहिजे का? एवढी हौस असंल तर घरचा आण!"

तिनं खरंच आणला. घराचा मधला सागाचा खांब उपटला, डोक्यावर घेतला आणि खाणीत नेऊन रोवला. घर मात्र तसंच उभं राहिलं, असं म्हणतात.

एका भर दुपारी तो खांब करकरला. अगदी हलका. या वेळी पार्बता थांबली नाही. टोपली फेकून ओरडली, "निघा रे! निघा वं!"

सगळे धावले. मुकादम सगळ्यांच्या पुढे. वर येऊन पार्बतानं तोंडं पाहिली, तर लेक रुखमा नव्हती. ती अगदी टोकाला दगड भरत होती. पार्बता मागे फिरली. लेकीला शोधून तिनं पुढे ढकललं.

"माय, तू चाल ना!"

"येतो मी. तू पळ. मागं पाहू नको!"

मग खांबाला पाठ लावून ती त्याला म्हणाली, "जरा दम धर बाप्पा, लेक जाऊ दे." रुखमा उन्हात पोचेपर्यंत अख्खी टेकडी थांबली, असं म्हणतात. मग बसली.

सात दिवस माणसं खणत होती. खांब सापडला, उभाच. पार्बता सापडली नाही.

आता खैरझोऱ्यात स्लॅबची घरं आहेत. तरी प्रत्येक घरात मधोमध सागाचा एक खांब असतोच. त्याच्यावर काहीही पेललेलं नसतं. कामाला निघणारं माणूस त्यावर तीनदा टकटक करतं आणि कान लावतं. "पार्बतामायला विचारलं का?" ओट्यावरची म्हातारी माणसं हटकतात. खांब करकरला, तर त्या दिवशी कोणी उंबरा ओलांडत नाही. आणि लाकूड वाळत असेल, असं त्या गावात कोणी कधीच म्हणत नाही.