शनिवारचं लिंबू आणि गुळगुळीत चाक

गाड्यांना अजून वाचा होती, तेव्हाची गोष्ट. कोंडाजी घुल्यांच्या जुन्या पिकअपचं पुढचं चाक झिजून गुळगुळीत झालं होतं. बंपरला मिरच्यांसोबत टांगलेलं लिंबू ऐटीत म्हणालं, "मी आहे म्हणून गाडी सुखरूप आहे."

चाकाचं डोकंच फिरलं. "ओझं माझ्या बोकांडी आणि मान तुला? तुला दर शनिवारी बदलतात. मला सहा वर्षांत नाही! विचारलं की मालक म्हणतो, म्हाताऱ्या गाडीला नवी चाकं कशाला?"

त्याच दिवशी घाटाच्या वळणावर चाक फुटलं आणि गाडी कडेच्या चरात गेली. कोंडाजी खाली उतरला. त्याने आधी लिंबाला हात जोडले.

"कुणाची तरी नजर लागली! लिंबू होतं म्हणून वाचलो. आता दोन बांधतो."

चाकाला खूप बोलायचं होतं. पण त्याच्यात हवाच उरली नव्हती.