वहाणा आणि कुंड्या

एका राजाला आपल्या मोसंबीच्या बागेचा फार अभिमान होता. एकदा समुद्रापलीकडच्या सरदाराने त्याला लिंबाची सात रोपं भेट पाठवली. बाग सांभाळणाऱ्या भिवरा माळिणीने पानं उलटून पाहिली आणि कुंड्या दारातच अडवल्या. पानांखाली पीठ सांडावं तसे पांढरे किडे बसले होते, आणि असले किडे तिने जन्मात पाहिले नव्हते.

दरबारात प्रधान विश्वंभरपंत कडाडले, "महाराजांना आलेली भेट अडवतेस? मूठभर किडे ते! हजार झाडांचं काय वाकडं करणार?"

"ठाऊक नाही, पंत. ते किती अंडी घालतात, इथं त्यांना खाणारं कुणी आहे का, तेही ठाऊक नाही. म्हणून तर अडवल्या."

"म्हणजे नुसती भीती! कुंड्या आत घे, नाहीतर बागेची किल्ली खाली ठेव."

भिवराने किल्लीला हातही लावला नाही. "घेते की. फक्त पहिला महिनाभर त्या तुमच्या पानमळ्यात राहू द्या."

पंत ताडकन उठले. "माझ्या पानमळ्यात? अगं, तिथं मी व्याह्यांनाही वहाणा बाहेर काढायला लावतो! तळाला काय चिकटून येईल, कुणी सांगावं?"

भिवरा राजाकडे वळली. "महाराज, वहाणेला चिकटलेलं पंतांना दिसतही नाही, तरी वहाण बाहेर. पानाला चिकटलेलं मला डोळ्यांनी दिसतंय, आणि ते आत?"

राजा खळखळून हसला. रोपं कुंड्यांसकट चुन्याच्या भट्टीत गेली. तेव्हापासून बागेच्या दारातही वहाणा निघू लागल्या, त्यांच्याशेजारी परदेशी कुंड्या थांबू लागल्या, आणि सगळ्यांत आधी वाकून त्यांची पानं उलटणारे असत ते पंतच.